मागच्या काचेवरची वडी

आई,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. आज लायब्ररी मलाच उघडायची आहे.

माशांना आता काही घालू नकोस, त्यांचं सकाळचं झालंय. संध्याकाळी अळ्यांची एकच वडी दे. ती गोठवून वाळवलेली असते, तेव्हा आधी टाकीतल्या पाण्यात भिजव, आतली हवा जाईपर्यंत दाब आणि मग पुढच्या काचेला आतून चिकटव. कोरडी टाकली तर त्यांच्या पोटात फुगते.

परवा मी तुझ्यावर उगाच खेकसले. तू विसरून दोनदा खायला घालतेस, असं मला वाटलं. तू म्हणालीस, "अगं, सकाळचं तुझे बाबा घालतात ना!" बाबांना जाऊन महिना झालाय, असं मी तुला सुनावलं आणि वड्यांची बरणी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

आज उठले, तर मागच्या काचेवर, अगदी तळाशी वडी चिकटवलेली. तिथवर तुझा हात पोचत नाही, माझाही नाही. तो लाजरा काळा मासा कोपऱ्यातून बाहेर येत नाही, म्हणून बाबा खांद्यापर्यंत हात बुडवून तिथे लावायचे. वडीवर अंगठ्याचा ठसा होता. काळा मासा निवांत खात होता.

माझं चुकलं, आई.

चार वाजता टाकी न्यायला माणूस येईल. त्याला सांग, द्यायची नाही. बरणी परत फळीवर ठेवली आहे. झाकण घट्ट लावू नकोस. शेवटी शेवटी बाबांना ते उघडायला त्रास व्हायचा.

– थोरली