तीन जगज्जेते आणि एक साक्षीदार

प्रिय बाबा,

आज शाळेत तुमच्यावर सगळे हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. म्हणून हे पत्र.

वाईट मनाने कुणी हसत नव्हतं हो. शाळेच्या मैदानाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, येत्या शनिवारी फलक लागणार आहे, त्याची बैठक होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शुभाताई, नावाखाली एखादी ओळ हवी. सरांची ओळख पटेल अशी." मी विचार करत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "लिवा मगे, तीन जगज्जेते करणारो मास्तर!" सगळा वर्ग हसला. तुमचेच विद्यार्थी. कुणाचे केस पिकलेत, कुणाची पोटं सुटलीत. "थापाडो होतो, पण माणूस देव!" एकजण डोळे पुसत म्हणाला.

मी हसले. घरी येऊन पडवीत बसले तेव्हा लक्षात आलं, तीस वर्षांपूर्वी जे केलं तेच मी आज पुन्हा केलं.

तुम्ही आम्हाला सॉफ्टबॉल शिकवलात तो त्या लाल जांभ्याच्या मैदानावर. घसरलं की गुडघा सोललाच! मालवणात तेव्हा ज्याला त्याला क्रिकेटचं वेड, आणि तुम्ही पुण्याच्या एका शिबिराला जाऊन हे भलतंच काहीतरी घेऊन आलात. एक बॅट, चार चेंडू, आणि डोकंभर इतिहास. तिथल्या एका म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी तुम्हाला पुरुषांच्या जागतिक स्पर्धेच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या तुम्ही गावातल्याच गोष्टी असाव्यात तशा आम्हाला सांगायचात.

आठवतं ना, आम्हाला पळवायचात कसे? पहिला बेस अमेरिका, दुसरा कॅनडा, तिसरा न्यूझीलंड, आणि शेवटचा 'घर'. बेसवर पाय ठेवला की देशाचं नाव ओरडायचं. कुणी विचारलं, "सर, आपलो देश खंय आसा?" तर तुम्ही हसून म्हणायचात, "वाटेर आसा. तू आधी घराक पोच."

खेळून झाल्यावर सुरूच्या झाडांखाली गूळ-शेंगदाणे आणि इतिहास. सहासष्ट साली मेक्सिकोत पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, अमेरिका जिंकली. "पण आयका चेडवांनो, बायकांची त्याच्या एक वर्स आधी झाली! आधी बायका, मगे बापये!" हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा, जणू ती स्पर्धा तुम्हीच भरवली होती.

आणि तो चेंडू! खालून टाकायचा, पण हात पुरा चक्राकार फिरवून, गोफणीसारखा. शेहेचाळीस फुटांवरून पुरुष टाकतात तेव्हा फलंदाजाला पापणी लवायलाही वेळ नसतो, हे तुम्ही आम्हाला पापणी लववून दाखवायचात. दिवसा कुणी सुतार, कुणी ट्रक चालवणारा, कुणी शाळामास्तर, आणि संध्याकाळी जगातले सर्वोत्तम. त्यांना पैसा नाही, प्रसिद्धी नाही. "कोण बघणारो नसताना जो चांगलो खेळता, तो खरो," तुम्ही म्हणायचात. आता कळतं, ती व्याख्या तुमचीही होती.

सगळ्यांची लाडकी गोष्ट म्हणजे शहात्तर सालची. न्यूझीलंडात स्पर्धा, शेवटच्या सामन्यांवर पाऊस आला तो थांबेचना. कोण जिंकलं? तिघेही! कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका, तीन जगज्जेते. "आपल्यासारखोच पाऊस गो तकडे," असं म्हणून तुम्ही खूश व्हायचात. मी ती गोष्ट शंभरदा तरी ऐकली असेल. झोपेत विचारली असती तरी सांगितली असती.

म्हणूनच तर मला माफी नाही.

मी नववीत होते आणि आपल्या शाळेच्या मुलींची कप्तान होते. तालुक्याची स्पर्धा आपल्या मैदानावर, आणि ती भरवणारे तुम्ही. आम्ही कट्ट्याच्या शाळेला हरवलं, कट्ट्याने मसुऱ्याच्या शाळेला, मसुऱ्याने आम्हाला. तिघांचा एकेक विजय. पुन्हा खेळायचं ठरलं आणि परतीचा पाऊस कोसळला. दोन दिवस वाट पाहिली. मैदानात बेडूक ओरडत होते. धावा मोजल्या तर आम्ही पुढे होतो. चषक आमचा, जिल्ह्याला जाणार आम्ही! मी तर आईला नवी वेणी घालायला सांगून आले होते.

तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिलात, धोतराचा काष्टा ओला, आणि म्हणालात, "खेळान ठरूक नाय, तां कागदान ठरवचा नाय. चषक तिघांचो. जिल्ह्याक कोण जाता तां चिठ्ठी टाकून बघुया."

कट्ट्याचे परब सर तुमचे जुने दोस्त आणि जुने टोमणेवाले. ते म्हणाले, "मास्तरानू, तिघे विजेते? ह्या खंयच्या शास्त्रात आसा?"

"जागतिक स्पर्धेत असा झाला आसा. तीन देश जगज्जेते झाले."

"खंयच्या जगात? आमच्या जगात एकच जिंकता!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि माझ्याकडे वळून विश्वासाने म्हणालात, "माझ्या चेडवाक इचारा. तिका ठावक आसा."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्या हातातला चषक तुम्ही काढून घेत होतात! मी म्हणाले, "माका काय ठावक नाय. बाबा थापा मारतत."

व्हरांडा हशाने दणाणला. तुम्ही एक क्षण माझ्याकडे पाहिलंत आणि चिठ्ठ्या करायला कागद मागितलात. मसुऱ्याची चिठ्ठी निघाली.

त्या दिवसापासून गावात तुम्ही थापाडे मास्तर झालात. मी परत बॅट धरली नाही. पुढच्याच वर्षी मुलींचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. तुम्ही बाजारातून गुळाचं गोड खाजं घेऊन आलात. "गो शुभा, तुमचो खेळ ऑलिंपिकात गेलो! बापयांचो नाय, तुमचो!" मी अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर केली नाही. ते खाजं मुंग्यांनी खाल्लं.

अर्जेंटिना सॉफ्टबॉलची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा जिंकली त्या दिवशीही तुम्ही मला फोन केला होतात. ऐंशीला टेकलेला माणूस पोरासारखा ओरडत होता, "नवो गाव इलो गो यादीत!" मी ऑफिसात होते. "हो का? बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. बाबा, त्या दिवशी तुमच्याशी त्यावर बोलणारं दुसरं कोण होतं?

आज पडवीत बसून मी पहिल्यांदा मोबाईलवर शोधलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. शहात्तर, न्यूझीलंड. विजेते तीन. कारण पाऊस. तुम्ही सांगितलेलं एकेक साल जुळवून पाहिलं, एकही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं फोन हातात होता, मग आधी का नाही शोधलं? कारण मला शोधायची गरजच नव्हती. मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही कधी थापा मारल्याच नाहीत. व्हरांड्यात खोटं बोललं ते एकच माणूस, ती मी.

मग मी परब सरांना फोन लावला. आता फार थकलेत, ऐकूही कमी येतं. मी ओरडूनच सांगितलं, "सर, तीन जगज्जेत्यांची गोष्ट खरी हा!"

पलीकडून शांत आवाज आला, "माका ठावक आसा गो. दुसऱ्याच वर्सा एका पुस्तकात वाचलंय."

"मगे बोललास नाय कित्याक? बाबांका सगळे थापाडो म्हणतत!"

"मी पुस्तक घेवन तुझ्या बापाशीकडे गेल्लंय. म्हटलं, मास्तरानू, चार लोकांत तुमची माफी मागतंय. तर माझो हात धरल्यान. म्हणालो, नको रे परबा. तू माका खरो ठरवशीत, तर माझा चेडू खोटा ठरताला. माका थापाडो म्हणांदेत. वय काय तिचा?"

मग तेच पुढे म्हणाले, "तुका सांगूक नको म्हणान शपथ घातलेली. आता तोच नाय. म्हणान सांगलंय."

बाबा, असं का केलंत हो? एकदा कान धरायचा होता माझा! एकदा तरी म्हणायचं होतं, शुभा, तू मला एकटं पाडलंस. मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते, आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर मैदानावर आले असते. तीस वर्षं तुम्ही हसण्यावारी नेलंत, आणि मी समजत राहिले की तुम्हाला काही लागलंच नाही. तुमच्या मोठेपणाचा मला अभिमान वाटतो, आणि रागही येतो. दोन्ही खरं आहे.

म्हणे, वय काय तिचं! बाबा, आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे.

फलकावरच्या ओळीचं मी मुख्याध्यापिकांना कळवलं आहे. तिथे तुमच्या नावाखाली शहात्तर सालची ती हकिकत येईल, तीन देशांच्या नावांसह. पण तेवढ्याने भागणार नाही. शनिवारी सगळी पोटं सुटलेली मंडळी येतील, परब सरांनाही रिक्षा करून आणणार आहे. त्यांच्यासमोर मी उभी राहीन आणि त्या दिवशी व्हरांड्यात काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. शाळेतल्या भाषणाच्या मराठीत नाही सांगणार, बाबा. ज्या बोलीत खोटं बोलले, त्याच बोलीत खरं सांगेन.

तुमची,
शुभा