हाताला गुण

बारामती,
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
आसावरीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मध्येच ‘तब्येतीला जप’ म्हणून ठेवून देता, म्हणून पुन्हा पत्रावर आले. तुमचं म्हणणं, बारामतीची रेंज खराब आहे. ओवी विचारते, बाकी सगळ्यांशी बोलताना बरी असते, मग ती आजोबांपुरतीच कशी बिघडते? कानाच्या मशीनचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, हे तिच्याही लक्षात आलंय.

पुष्करने अखेर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिला आठवडा झोपला, दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात शिरला. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात. मी इतकी वर्षं हळद कुठे आहे हे न बघता काढत होते, आता वाचून काढावी लागते. पण माणूस खूश आहे, हे कबूल करायला हवं. सकाळी चहा घेऊन गच्चीत बसतो आणि कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखा दिसतो.

तुम्हालाही तसं बसलेलं बघावं असं फार वाटतं. खालची खोली रिकामी करून घेतली आहे. आई गेल्यापासून तुम्ही निमगावात एकटे आहात. माझ्या दवाखान्यात तिशीतले डॉक्टर संध्याकाळी गळून जातात, तुम्ही पंचाहत्तरीला टेकलात. गुढीपाडव्याला दवाखाना बंद करून इकडे या. विचार करा, लगेच नाही म्हणू नका.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.
आपली,
आसावरी


निमगाव केतकी,
२० जानेवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

लगेच नाही म्हणू नका असं लिहिलंस, म्हणून आठ दिवस थांबून नाही म्हणतो आहे.

पुष्कररावांना सांग, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं हे उत्तम काम आहे, पण डबे संपल्यावर काय करणार याचा आत्तापासून विचार करा. निवृत्त माणूस घरात कसा दिसतो हे ते मला फुकट दाखवतायत. माझं धाडस त्यामुळे आणखीच कमी झालं आहे.

नोकरदाराचं बरं असतं. तारीख ठरलेली, हार-नारळ, दोन भाषणं, मोकळा. माझ्यासारख्याला कोण तारीख देणार? पेशंट यायचे थांबले की समजायचं. बाहेरचं बाकडं ज्या दिवशी रिकामं राहील त्या दिवशी मी स्वतः पाटी उतरवीन, तुला सांगायची वेळ येणार नाही. पण ते रिकामं राहीना त्याला मी काय करू? बाजाराच्या दिवशी तर माणसं पायरीवर बसतात.

एक गंमत सांगतो. हल्ली लोक दुसऱ्या डॉक्टरची औषधंसुद्धा पिशवीतून माझ्याकडे घेऊन येतात. पहिली गोळी मी माझ्या हाताने द्यायची, मग ती लागू पडते म्हणे. डॉक्टरांच्या हाताला गुण हाय, असं बायका माझ्यासमोरच एकमेकींना सांगतात. मी हसतो, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. इतक्या वर्षांत काहीतरी कमावलं म्हणायचं. हे सोडून तुझ्या गच्चीत येऊन कुंड्यांकडे बघत बसू का?

ओवीला आजोबांचे आशीर्वाद सांग. रेंजबद्दल मी कंपनीकडे तक्रार करणार आहे.

तुझे,
बाबा


बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

निरवांगीच्या भामाबाई आता धोक्याबाहेर आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. तीन-चार दिवसांत घरी सोडू.

खोकला घेऊन त्या तुमच्याकडे आल्या होत्या. तुम्ही छाती तपासून साफ आहे म्हणालात आणि खोकल्याचं औषध दिलंत. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आप्पा त्यांना आमच्याकडे घेऊन आला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. न्यूमोनिया होता बाबा. तुमच्याकडे आल्या तेव्हाही तो छातीत ऐकू आला असता, असं मला वाटतं. एक रात्र तर मला त्यांची आशा वाटत नव्हती.

हे वाचून तुम्ही स्वतःला दोष द्याल. म्हणूनच आता माझा दोष सांगते, कारण तो मोठा आहे.

दिवाळीत ओवी खोकत होती तेव्हा तुम्ही तिला तपासलंत आणि काही नाही म्हणालात. नंतर मी ऐकलं तर छातीत चांगली शिट्टी वाजत होती. तुम्हाला स्टेथोस्कोपमधलं ऐकू येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हाच तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. आईनंतर तुमच्याकडे तो दवाखानाच उरला आहे, तो मी कसा काढून घेऊ, असं वाटलं.

मग मी निमगावच्या स्टँडजवळच्या डॉ. मोहितकडे गेले. तो माझ्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे शब्द मोडला नाही. ठरलं असं, की लोकांनी आधी त्याच्याकडे तपासून औषध घ्यायचं आणि मग पहिली गोळी तुमच्या हातून घ्यायला तुमच्याकडे यायचं. तुमच्या कंपाउंडरलाही सांगितलं होतं. गावाला आग्रह करावा लागला नाही, सगळे आनंदाने तयार झाले. बाबा, बाकडं भरलेलं आहे ते असं. तुम्ही दिवाळीपासून निवृत्त आहात आणि ते निमगावात फक्त तुम्हाला माहीत नाही.

निरवांगीला कुणी सांगितलंच नाही. बाहेरगावाहून तुमच्या नावावर थेट येणारी माणसं माझ्या डोक्यातच आली नाहीत. आप्पाला हे बाजारात कुणाकडून तरी कळलं. आईच्या खाटेजवळ उभं राहून त्याने मला विचारलं, “निमगावच्या माणसांना सांगितलं व्हतं, मग आमाला का न्हाय?” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी विसरले, एवढंच मला सांगता आलं आणि ते खरं आहे.

तुमचा मान राखायला गेले आणि दुसऱ्याच्या आईचा जीव धोक्यात घातला. रागवा, पण गप्प बसू नका. मी उत्तराची वाट बघते आहे.

लोभ ठेवा असं आज कोणत्या तोंडाने लिहू?
आसावरी


निमगाव केतकी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र आलं त्या संध्याकाळी पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं पिशव्या घेऊन आलीच. मी दारातच सांगितलं, मोहितने तपासलंय ना, मग घरी जा आणि गोळ्या वेळेवर घ्या. सगळ्यांनी खाली बघितलं. त्यांना अपराधी वाटलं आणि मला त्यांच्याहून जास्त. एवढ्या भल्या माणसांना मी नाटक करायला लावलं.

पहिले दोन दिवस तुझा फार राग आला. सगळ्या गावासमोर तू मला लहान मूल केलंस असं वाटलं. मग राग ओसरला, कारण त्याच्या खाली जे होतं ते मला माहीत होतं. ऐकू येत नाही हे मला तुझ्या आधी कळलं होतं. नाडी बघायची, चेहरा बघायचा, श्वास मोजायचा आणि नळी नुसती छातीला लावून मान हलवायची, असं माझं बरेच महिने चाललं होतं. लोकांच्या पिशवीत मोहितची औषधं दिसायची तेव्हा मला खरं तर विचारायला हवं होतं, की हा काय प्रकार आहे. मी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायचं. आणि तुला मात्र मी गंमत म्हणून लिहून कळवलं.

काल एसटीने निरवांगीला गेलो. भामाबाई दारात उन्हाला बसल्या होत्या, फार वाळल्या आहेत. सुनेने चहा केला. आप्पा घरातच होता, पण बाहेर आला नाही. मी भामाबाईंना सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. त्या दिवशी त्यांच्या छातीतलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हेही सांगितलं. आता त्या चिडतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. माफ करतील अशीही आशा होती, लपवत नाही.

त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “आईकू येत न्हाय त्याचं काय न्हाय, डाक्टर. वय हाय. पर मग मान का हलवली?”

चहा तसाच ठेवून उठलो.

रविवारी गाडी घेऊन ये, मी सामान बांधून ठेवतो. आधी मशीनवाल्याकडे जाऊ, मग घरी. तुला माफ केलं असं लिहीत नाही, कारण ते मी करायचं की तू, हे मला ठरवता येत नाही. येताना भामाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं तर सांग. दिवाळीपासून तूही माझ्यासमोर मानच हलवत होतीस.

लोभ कमी करू नकोस.
तुझे,
बाबा