खिडकीतली बरणी

४ मार्च
पुन्हा मोजा म्हणे! तिसऱ्यांदा! माझे डोळे काय भाड्याने आणलेत? गव्हाच्या दहा जाती, दहा बरण्या. प्रत्येकीत शंभर दाणे अन् मी सोडलेले वीस सोंडकिडे. दीड महिन्याने भोकं पडलेले दाणे मोजायचे — हीच माझी नोकरी. नऊ बरण्यांत दाण्यांची चाळण झालीय. सात नंबरात एक भोक नाही. ती साहेबांनी स्वतः काढलेली जात. नाचायचेच बाकी होते! "बाई, याला कीड शिवतच नाही!"

५ मार्च
शिवेल कशी? नऊ बरण्या अंधाऱ्या कपाटात. सात नंबर मात्र खिडकीत, पाहुण्यांना दिसावी म्हणून. दिवसभर कडक ऊन! किडे तळाशी वाळून उताणे पडलेत. धान्याला ऊन दाखवतात ते उगाच का? साहेबांच्या भिंतीवर चार पदव्या टांगल्यात, पण हे त्यांना ठाऊक नाही.
सांगितलं. म्हणाले, "बाई, तुम्ही मोजा. विचार आम्ही करतो."
करा!

२७ मार्च
अक्काचा फोन. साहेबांचं पत्रक तिच्या गावात पोचलं — कीड लागत नाही, ऊन द्यायची गरज नाही.
"जुनं बी सगळं दळून टाकलं गं. सात नंबरचं पोतं आणलं. तुझ्याच हापिसातलं म्हटल्यावर डोळे झाकून घेतलं!"
"अगं, ऊन दे त्याला!"
"साहेबापेक्षा शहाणी झालीस?"
धाकटीचं कोण ऐकतं!

२८ मार्च
नवे दाणे, नवे किडे भरले. सात नंबर कपाटात ढकलली. खिडकीत तीन नंबर — अक्काचं जुनं बी. तपासायला मीच आणून दिलं होतं. पाकिटातले शेवटचे शंभर दाणे. कुणी बघितलं नाही. इथे बरण्या पुसायला दुसरं येतंय कोण?

१२ मे
सात नंबर — शंभरात एकसष्ट किडके. सगळ्यांत जास्त! तीन नंबर — शून्य.
साहेबांनी मोजणीची वही ओढून घेतली. मग म्हणाले, "बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. सात तिथे तीन लिहा." खोडरबरही पुढे केलं. मोठं मन!
मी पेनाने लिहिते.

१ जून
अक्का आली. पोतं घेऊन. माझ्या ओंजळीत गहू ओतला — निम्मं पीठ. "आता पेरू काय?" एवढंच म्हणाली.
पोतं साहेबांच्या टेबलावर ठेवलं, तोंड उघडं. किडे फायलींवर चढले. वर चिठ्ठी खोचली, तीच इथे उतरवते:
"तीन नंबर मी घरी नेलीय. अक्काकडे आता तेवढंच बी आहे. पत्रक चुकलं असं छापणार की नाही? सोमवारपर्यंत उत्तर द्या. नाहीतर मंगळवारी माझी वही गावात वाचली जाईल."