शेवटची चौकट

गुरुवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मामेबहिणीकडून कळलं. पाच वर्षांनी असं काल भेटल्यासारखं विचारणं मला शोभत नाही, हे कळतंय. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

मी बरी आहे. थकलेय, पण बरी आहे. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. कपडे वाळत घालायचे आहेत, ते तसेच बादलीत आहेत.

ऑफिसात सध्या प्रश्नावल्यांतले आकडे सगळ्यांनी एकाच पद्धतीने कसे लिहायचे, याची नियमावली चालली आहे. बावीस वर्षं हेच काम करतेय म्हणून ती माझ्या गळ्यात. तुला वाटेल, आकडा लिहायला नियम कशाला? अगं, लोक आकडा सांगतच नाहीत. 'पाणी आणायला किती वेळ लागतो?' विचारलं की म्हणतात, 'हे काय, गेलं आणि आलं.' मग आमची सर्वेक्षणाला गेलेली मुलगी तिथे काय लिहिणार? कुणी शून्य लिहितं, कुणी रेघ मारतं, कुणी चौकट कोरी सोडतं. 'माहीत नाही'साठी अठ्ठ्याण्णव लिहायचं असं ठरलेलं आहे, पण मागच्या फेरीत वयाच्या रकान्यातही तेच लिहिलं गेलं आणि एका वस्तीत अठ्ठ्याण्णव वर्षांची एकशे बारा माणसं निघाली. आमचे साहेब म्हणाले, 'हवा चांगली दिसतेय तिथली. रिटायर झाल्यावर तिकडेच घर बघू.'

हसलो सगळे. हल्ली हसूनसुद्धा दमायला होतं.

परवा नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं. त्यांत एक बाई माझ्याच वयाच्या, आधी दवाखान्यात आया होत्या. बाळाच्या वजनाचा प्रश्न आला. आमच्या फॉर्मवर तिथे तीन चौकटी असतात आणि शेवटची चौकट दशांशाची, असा जुना नियम आहे. टिंब काढायचं नाही, कारण यंत्र त्याला शाईचा डाग समजतं. म्हणजे तीन किलो दोनशे ग्रॅमचं बाळ असेल तर शून्य, तीन, दोन. आयाबाईंनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावला. 'बत्तीस किलो? अहो मॅडम, हे बाळ चालत आलं असेल दवाखान्यात!'

खोली खो खो हसली. मी नियम समजावून सांगितला. तर त्या म्हणाल्या, 'ते तुम्हाला ठाऊक. ज्याला नियम सांगितलेलाच नाही त्याने बत्तीस वाचलं, तर चूक कुणाची?'

मी ऑफिसच्या आवाजात म्हटलं, 'वाचणाऱ्याने सूचना वाचायला हव्यात.'

आणि मग मला खडू खाली ठेवून बसावं लागलं. कुणीतरी पाणी आणून दिलं.

ताई, तुला आता कळलं असेल मी कशाबद्दल लिहितेय. मी इकडचं तिकडचं लिहून दोन पानं काढली, आणखी दोन काढता आली असती.

आईच्या कपाटाच्या दारावर मी जो तक्ता चिकटवला होता, तो मी पट्टीने आखला होता. औषध, सकाळ, संध्याकाळ, आणि प्रत्येकापुढे चौकटी. दुखणं थांबवायच्या त्या पातळ औषधापुढे मी शून्य आणि पाच लिहिलं. अर्धा मिली. शेवटची चौकट दशांशाची. टिंब दिलं नाही. मुद्दाम नाही गं, हातच तसा वळला होता. दुसऱ्या कुणी तो कागद वाचायचा आहे, हे डोक्यातच आलं नाही. ज्या छोट्या सिरिंजने मी औषध द्यायचे ती ड्रॉवरमध्ये आहे, हेही सांगायचं राहिलं. मी तीन दिवसांच्या दौऱ्यावर गेले, आईजवळ तू राहायला आलीस आणि तू चमचा घेतलास. पाच मिली म्हणजे एक चमचा. कुणालाही बरोबरच वाटलं असतं.

तू फोन केला होतास. 'पाचच ना गं?' असं तू विचारलंस की नाही ते मला आठवत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. विचारलं होतंस. मी वर्गात होते, घाईत म्हटलं, 'लिहिलंय तेवढंच दे, ताई. ठेवते.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई उठली नाही. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, दसपट गेलंय. दादा दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, 'आईला मारायलाच आली होतीस का?' तू म्हणालीस, 'कागदावर पाच होतं.' त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'अर्धा लिहिलं होतं.'

माझ्या नियमाने ते खरं होतं. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी पाच वर्षं राहिले. कागद तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. दवाखान्यात यायच्या आधी मी घरी जाऊन तो काढून घेतला होता.

आई त्यातून वाचली, आणखी आठ महिने जगली. ते आठ महिने तुझेही होते. दादाने तुला उंबरा चढू दिला नाही आणि मी आत बसून भाजी निवडत राहिले.

काल दादाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मी तिला काय काय बोललो होतो, आठवतंय तुला?' मी हो म्हटलं. 'मला सगळं नाही आठवत,' तो म्हणाला, 'पण तिला आठवत असेल.' मग तुझा नवा पत्ता मागितला. मी दिला नाही. तो द्यायचा की नाही, हे तू ठरव. मला तर काहीच कळवलं नाहीस तरी चालेल.

सोबत तो कागद पाठवतेय. फाडून टाकायचं दोनदा मनात आलं होतं. आता तुझ्याकडे असू दे.

आणखी एक आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. दवाखान्यातून घरी आल्यावर, मी तिची वेणी घालत असताना आई म्हणाली होती, 'मोठीला सांग, त्या दिवशी किती छान झोप लागली होती मला. कित्येक महिन्यांनी काही म्हणता काही दुखलं नाही. तिला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नकोस.' मी 'सांगते' म्हटलं. नंतरही तिने दोनदा विचारलं, 'सांगितलंस ना?' मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

आज सांगतेय.

आईचा निरोप अडवून बसलेली,
तुझी धाकटी