लिमलेटची गोळी

बाई, परवा तुमचा फोटो पाहिला. हार घातलेला होता, म्हणजे तुम्ही गेलात याची नव्याने खात्री झाली, आणि तरी माझा तुमच्यावरचा राग तसूभरही कमी झाला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, ती आता झाली आहे, आणि मध्येच तुम्हाला ‘बोट!’ म्हणून ओरडता येणार नाही, याचा मला मनापासून आनंद होतो आहे.

गौलीगुड्याच्या गल्लीतली आपली चिमुकली मराठी शाळा केव्हाच बंद पडली. तिथे आता प्लॅस्टिकच्या बादल्या विकतात. पण तुमचे विद्यार्थी हैदराबादभर पसरलेले आहेत, त्यांनी तुमच्या आठवणींचा कार्यक्रम बरकतपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये ठेवला आणि मलाही निरोप पाठवला. चार शब्द बोल म्हणाले. चार शब्द कसले, माझ्याकडे पोतंभर साठले होते. मी येते म्हणाले, आणि त्याच दिवशी ठरवलं की लेकीला बरोबर न्यायचं. सासूबाई म्हणाल्या, तिला घरी ठेव, ती तिथे कुणाला बोलू द्यायची नाही. मी म्हटलं, म्हणूनच नेते आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला दमा आहे. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या घरात तो उच्चारायला बंदी होती. मी तिच्याएवढी होते तेव्हा आई रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि मला केशरी औषध पाजायची. शेजारणीने विचारलं तर टॉनिक. शाळेत विचारलं तरी टॉनिक. “दमा म्हणायचं नाही. मुलीची जात आहे. उद्या लग्नाच्या वेळी हाच शब्द आडवा येईल,” असं ती ओट्याकडे तोंड करून सांगायची. औषधाने छाती मोकळी व्हायची हे खरं, पण शाळेत पोचेपर्यंत हात थरथरू लागायचे, काळीज धावत सुटायचं आणि पाय माझे राहायचे नाहीत. आणि वर्गात पाऊल टाकलं की तुम्ही म्हणायचात, हाताची घडी, तोंडावर बोट.

सगळी मुलं बसायची. मी हलायचे. पाटीवरचं अक्षर रेघ सोडून पळायचं, पाय बाकाला आपटायचे, प्रार्थनेला मी एकटीच झुलायचे. तुम्ही विचारायचात, अंगात वारं शिरलंय का, घरी काही वळण आहे की नाही. मला दाराशी उभं करायचात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात, ही बघा आमची भिंगरी. खोड्या औषधाच्या आणि कोपरा मला, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, हे मान्य. पण बाई, वर्षभर एका मुलीचे हात तुमच्या डोळ्यांसमोर थरथरत होते. तुम्ही एकदाही ते हातात घेऊन पाहिले नाहीत.

आता तो दिवस. औषधाची बाटली संपलेली, वडील नवीन आणणार होते ते विसरले. मी तशीच शाळेत आले. नाक बंद, छातीत शिट्टी वाजते आहे, खांदे वर चढलेले. मी बाकावर बसते आणि हलत नाही. हलायला श्वास लागतो, तो माझ्याकडे नाही. तोंडाने थोडी हवा ओढता येत होती, तर तोंडावर बोट. मी बोट ओठांपासून जरासं दूर धरलं होतं, तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्हाला फक्त न हलणारी मुलगी दिसली. तुम्ही माझ्याजवळ आलात, डोक्यावर हात फिरवलात आणि सगळ्या वर्गाला म्हणालात, “बघा, मनात आणलं की जमतं की नाही?” मग पर्स उघडून मला लिमलेटची गोळी दिलीत. तुमच्या पर्समधली ती नारिंगी गोळी म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा मान, आणि तोपर्यंत तो मला कधी मिळाला नव्हता.

पुढचं तुम्हाला कधी कळलं नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली. आईने औषध दिलं, मी ते गालात धरलं आणि मोरीत थुंकलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मूल अडाणी नसतं बाई, त्याला हिशेब कळतो. औषध घेतलं की भिंगरी, नाही घेतलं की शहाणी. मी शहाणी झाले. तुम्ही खूश होतात, रोज माझं उदाहरण देत होतात, आणि आठवड्याच्या शेवटी मी निळ्या ओठांनी सरकारी दवाखान्यात पडले होते. तुम्ही भेटायला आलात तेव्हा आई म्हणाली, न्यूमोनिया. तुम्ही म्हणालात, आता कुठे सुधारली होती हो. नाकात नळी असताना मी ते ऐकलं. त्या वाक्याचा सूड घ्यायचा असं मी तेव्हाच ठरवलं.

गेल्या वर्षी लेकीला औषध सुरू झालं आणि तीही उड्या मारायला लागली. शाळेतून तक्रार आली, लक्ष देत नाही, एका जागी बसत नाही. मी तिला रागावले तर ती रडवेली होऊन म्हणाली, “मैं नै हिलरी आई, पैराँ हिलरे.” तिला घेऊन मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते हसून म्हणाले, “दवा बंद नक्को करो अम्मा. कुछ बच्चों को इसीच दवा से होता. मैं बदल के देतूं.” एवढंच होतं बाई. एका वाक्याची गोष्ट. मी बाहेर बाकावर बसून इतकी रडले, की लेकीने मलाच पाणी आणून दिलं. औषध बदललं तशी ती पुष्कळ निवळली, तरी एका जागी बसणं अजून तिच्या पत्रिकेत नाही.

तर कार्यक्रम. आईही बरोबर आली होती. लेकीने माझी निराशा केली नाही. ती तुमच्या फोटोभोवती धावली, हारातली शेवंती तोडून पहिल्या रांगेत वाटून आली. मी तिला एकदाही हाक मारली नाही. मग कुणीतरी गमतीने माइकवर म्हणालं, हाताची घडी, तोंडावर बोट! आणि तुमचा तो सगळा पिकल्या केसांचा वर्ग हसत हसत तसा बसला. माझंही बोट ओठांवर गेलं होतं, मला कळलंसुद्धा नाही. शेवटी तुमची आठवण म्हणून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. माझी मुलगी हात पुढे करून नाचत होती, आणि वाटणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, आधी शांत बस, मग मिळेल.

मी उभी राहिले. माझा आवाज चढलेला होता. “तिला दमा आहे. औषधाने ती अशी होते. मीसुद्धा अशीच होते. ती बसणार नाही, गोळी द्या तिला.” शेजारी बसलेल्या माझ्या म्हाताऱ्या आईने माझा पदर ओढला, मग सोडला. त्या बाईंनी लेकीला एकीच्या ऐवजी दोन गोळ्या दिल्या. चार शब्द बोलायचे होते ते हेच, दुसरे मी बोलले नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता आता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पण एक सांगून संपवते. लेक पळत आली, दुसरी गोळी तिने माझ्या तोंडात कोंबली, आणि मी ती चघळत शेवटपर्यंत बसले. सूड घ्यायला जाते आहे असं मी घरी सांगितलं होतं, बाई. ते खोटं नव्हतं. पण इतक्या वर्षांनी, हलत असतानाही ती गोळी मला मिळते का, हे बघायलाही मी गेले होते.