आधी रबाब, मग बाबा

११ फेब्रुवारी १९५३
बाबा उठले! मी रबाब मांडीवर घेऊन बसलेलो, तारा लावून झालेल्या, जहांगीरनं तबल्यावर हात ठेवलेला — आणि बाबा खेमसिंग हात जोडून गुरुद्वाऱ्यात जमलेल्या संगतीला म्हणाले, माझा आवाज उतरला, आजपासून मी गाणार नाही. शाळेत गाणं शिकवणारा बद्रीनाथ पेटी घेऊन तयारच होता. म्हणजे सगळं ठरलेलं. सगळ्यांना माहीत. मला सोडून.
एकतीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसलो. रबाब गवसणीत घातला आणि प्रसाद न घेता निघून आलो.

१२ फेब्रुवारी
बायको म्हणते, सकाळपासून तीन हाका मारल्या. म्हटलं, रागात माणसाला ऐकू येत नाही. तर आवडाबाईंचं उत्तर — राग कालचा हाय, हाका मी दोन वर्षांपासून मारतेय.
दुखऱ्या माणसालाच टोचायचं असतं हिला.

१३ फेब्रुवारी
लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच कुणी खोटं पाडायला नको.
हर्सूलहून अनवाणी आलो तेव्हा या शहरात मला कुणी दारात उभं करत नव्हतं. बाबांनी गुरुद्वाऱ्यात बसवून हातात रबाब दिला. पुढं गुलमंडीवर वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं ते या दोन कानांच्या जिवावर. पायरीवर कुणी पेटी वाजवली की कुठला सूर फुटलाय ते मी आतूनच सांगायचो. गिऱ्हाईक चाट पडायचं!
बाबांचा एकच नेम. आधी रबाब, मग बाबा. पेटी नको, दुसरा आधार नको. मी जो सा लावीन तोच त्यांचा सा. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, गुरू नानकदेव आपल्या साथीदार मरदान्याचा रबाब ऐकून मग गात, आपण काय त्यांच्याहून मोठे?
रझाकारीत बाबांनी मला तेरा दिवस लंगरच्या कोठीत गव्हाच्या पोत्यांमागं लपवलं. ते तेरा दिवस बाबा गायले नाहीत. लोक म्हणाले, दुसरा वाजवणारा बसवू. नाही म्हणाले. सांडू येईल तेव्हाच गाईन.
हाच माणूस!

१६ फेब्रुवारी
राहवलं नाही, गेलो. बाबा अंगणात लंगरचे मटार सोलत होते. मी विचारलं, मला आधी सांगावंसं वाटलं नाही का? ते म्हणाले, थकलो. मग शेंग हातात तशीच धरून माझ्याकडं बघितलं.
'सांडू, तू सच बोल. मेरा आवाज उतरा?'
मी तोंडावर सांगितलं. व्हय, उतरला. दोन वर्षं झाली. खर्जात घोगरा होतो, खालचे सूर निघतच नाहीत. इतके दिवस बोललो नाही, पण माझे कान चुकत नसतात.
वाटलं, चिडतील. त्यांनी माझ्या कानाची पाळी हलकेच धरली आणि हसले.
'तेरे कान को कौन झूठा बोलेगा?'
ढोंग नुसतं. रामराम न करता उठलो.

१९ फेब्रुवारी
गंगापूरच्या काकासाहेबांनी सतार परत आणली. तुम्ही लावून दिल्यापासून हिचा सूर पटत नाही म्हणे. म्हटलं, फाळणीनंतर चांगल्या तारा येतात कुठं? चहा पाजला, दोन गमती सांगितल्या, पुन्हा लावून दिली. एरवी माझ्या गमतींना पोट धरून हसणारा माणूस. आज हसला नाही.

२० फेब्रुवारी
गुरुद्वाऱ्यावरून जाताना मान फिरवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

२२ फेब्रुवारी
बद्रीनाथचा निरोप आला, पेटीबरोबर रबाब वाजवा. जायचं नव्हतं. मग वाटलं, जाऊ, आणि पेटीची काय लायकी आहे ती चारचौघांत दाखवू. बाबांचा सा एकतीस वर्षं काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी. डोळे मिटून लावला. बद्रीनाथनं तीच पट्टी दाबली — पेटी अख्खा सूर वर! मी म्हटलं, ही चढलेली आहे, माझ्या दुकानातली आणा. आणली. तीही तेवढीच वर.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
जहांगीरनं बाही धरून मला चपलांपाशी नेलं. तिथं आवाज खाली करून म्हणाला, 'सांडूभाई, सा तुम्हारा उतरा है. दो बरस हुए. बाबा मेरे कू बोले, तबला उतार ले, उसके संग चल, उसको बोलना नक्को.'
पुढचंही त्यानंच सांगितलं. मागच्या महिन्यात संगतीतले चार जण बाबांकडं गेले होते. रबाबवाला बदला म्हणाले. बाबांनी सांगितलं, त्याचा कान ठीक आहे, आवाज माझाच उतरलाय, बदलायचं तर मला बदला.
माझा सा खाली खाली जात होता आणि ते दोन वर्षं त्याच्या मागं गळा खाली ओढत होते. म्हणून घोगरा. आणि मी त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच तोंडावर —

२३ फेब्रुवारी
दुकान उघडलं नाही. आवडाबाईला म्हटलं, मोठ्यानं हाक मार. मारली.

२४ फेब्रुवारी
गुरुद्वाऱ्यात जाऊन रबाब बाबांच्या मांडीवर ठेवला. आजपासून तुम्ही लावा, म्हटलं. म्हणाले, नेम मोडतो. मी म्हटलं, तो तुम्ही दोन वर्षं एकट्यानं पाळला, आता मला पाळू द्या. त्यांनी खुंट्या पिळल्या. मी वाजवला. ते गायले. जहांगीर डोळे पुसत होता. मला सगळं चढलेलं, बेसूर ऐकू येत होतं. वाजवत राहिलो.