काठापर्यंत आलेलं दूध

खासबाग, बेळगाव
ता. ८ मार्च १९३४

तीर्थरूप राजाआक्कास,

धाकट्या मारुतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. शिमग्याच्या पोळ्या लाटून बाळाबाईची कंबर धरली होती, ती आता मोकळी झाली. तांबडी म्हैस व्याली, रेडी झाली. चीक तुला पाठवला असता, पण निपाणीपर्यंत टिकला नसता.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुला पोथी लावायची सवय आहे, तेव्हा हे पत्रही तूच वाच, सावकाश. जोतिरामाकडं वाचायला देऊ नकोस. मोटारीवरचा भरमा ते तुझ्याच हातात देईल, तसं त्याला बजावलं आहे.

आता गंमत ऐक. मी कॅम्पात दूध घालतो, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या एका बंगल्यात पेद्रू नावाचा गोव्याचा बटलर आहे. त्याची मडम चांगल्या दुधात लिंबू पिळून ते नासवायला लावते आणि त्याचा गोळा करून मीठ लावून खाते. चीज म्हणतात त्याला. मी कासंडी रिकामी करायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळायचो. पेद्रू त्याच्या पोराला शिकवत होता आणि शिकलो मी. पलटण तळावर गेली की माझं दूध उरतं. म्हटलं, ते वाया घालवण्यापेक्षा आपणच गोळे करून बंगल्याबंगल्यात घालावेत.

घरी येऊन हे सांगितलं, तर बाळाबाईनं पदर कमरेला खोचला.

"माझ्या चुलीवर? मुद्दाम दूध नासवायचं? लई शहाणे झालासा काय कॅम्पात जाऊन?"

"अगं, साहेब लोक खातात."

"साहेबाच्या चुलीवर नासवा मग. माझ्या दारात म्हशी हायत्या, त्यास्नी बाधंल. दावं रिकामं झालं तर साहेब येणार हाय व्हय भरून द्यायला?"

शेजारची यल्लव्वा जोंधळे निवडायला आली होती, तीही कानावर हात ठेवून उठली. मी पातेलं घेऊन मधोमध उभा. मोठा धंदा करायला निघालेला माणूस, पण घरात दूध नासवायला एक हात मिळेना.

तेव्हा तुझी सून चुलीपुढं आली.

मालू इथं आल्यापासून फार बोलत नाही. जोतिरामानं तिला आमच्या दारात आणून सोडलं तेव्हा, "मामीच्या हाताखाली राहू दे थोडं दिवस," एवढंच म्हणाला आणि वर न बघता गाडी जुंपली. मी काही विचारलं नाही. पण आक्का, माझा धंदा दुधाचा असला तरी तो चालतो कानांवर. मंगळवार-शुक्रवारी, अगदी देवीच्या वारालाच, तुझ्या सुनेच्या हातून दूध नासतं, म्हणून तिला इकडं धाडली, हे मला बाजारात कळलं. आणि पाडवा झाला की भावकूच्या पुतणीसाठी सुपारी फोडायची, जोतिरामाचं दुसरं लगीन लावायचं, हेही कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. राहू दे.

तर मालू पुढं आली आणि पातेल्याला हात घालून म्हणाली, "मामा, मी नासवते. माझ्या हातानं नासतंयच की."

बाळाबाईचा पदर कमरेचा सुटला.

तिनं पातेलं चुलीवर ठेवलं. लिंबू माझ्या हातात होतं, ते मी अजून कापलंही नव्हतं. मालू दुधाकडं बघत उभी. दूध तापलं, कडेनं बुडबुडे आले. ती म्हणाली, "आता फाटंल बघा." फाटलं नाही. साय धरली, दूध चढायला लागलं. "आता," म्हणाली. दूध पार काठापर्यंत आलं, बाळाबाईनं घाईनं जाळ ओढला, दूध खाली बसलं. पांढरं स्वच्छ, एक कणी नाही.

पोरगी त्या दुधाकडं बघत राहिली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. चांगल्या दुधासाठी कुणाला एवढं रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी चीज काही झालं नाही. सगळे दूधच प्याले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. बाळाबाई म्हणाली, "आता नासवा काय नासवायचं ते," आणि फडकं स्वतःच धुऊन आणलं. कृती तुला सांगतो, सोपी आहे. दूध चढलं की खाली उतरवायचं. लिंबाच्या रसात पाणी घालून थोडं थोडं सोडायचं आणि पळी हळू फिरवायची. कण्या वेगळ्या झाल्या, पाणी हिरवट दिसलं की हात थांबवायचा. फडक्यात बांधून टांगायचं, मग मीठ लावून वरवंट्याखाली दाबायचं. लिंबू नसलं तर पेद्रू चिंचेचं पाणी घालतो. गोळा जरा तांबूस होतो, पण दूध फाटायला तेवढं पुरतं. तापलेल्या दुधाला बोटभर चिंचही पुरते.

इथं जरा थांब, आक्का. पुढचं वाचायच्या आधी डोळे पूस. चष्मा नाही तुला, पाणी येतं ते मला ठाऊक आहे.

गोळा दाबत असताना मी मालूला सहज विचारलं, घरी दूध नासायचं ते केव्हा, तापताना की चढताना? ती म्हणाली, "चढून काठाला लागलं की लगेच." कुठल्या पातेल्यात? "मोठ्या पितळेच्या, वळल्या काठाच्या. आत्याबाई देवीच्या वाराला ते स्वतः घासतात. मला हात लावू देत न्हाईत."

मी वरवंटा नीट बसवला. ते आईचं पातेलं, तू सासरी नेलंस. तिच्या वेळेपासून तूच घासतेस, चिंचेनं, आरशासारखं. त्या वळल्या काठाच्या आत किती चिंच बसते, हे आपण लहानपणी बोटं घालून चाखलेलं आहे. तेव्हा तू काडी घेऊन काठ साफ करायचीस. संक्रांतीला आलो होतो तेव्हा तुला तिळगुळाची वाटी चाचपून उचलताना पाहिलं. घरात हे कुणाला सांगितलेलं नाहीस. का, तेही समजतो. दिसत नाही म्हटलं की किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला जातात.

उठ आणि त्या काठाच्या आत बोट फिरव. जिभेला लाव. मग उरलेलं वाच.

मी हे कुणालाही बोललो नाही. बाळाबाईला नाही, जोतिरामाला नाही. तो गूळ घेऊन बाजाराला येतो, आमच्या गोठ्यात झोपतो, आणि मालूला कोमट भाकरी घेऊन गोठ्याकडं जाताना ऐकलं की मी कूस बदलतो. "आईला सांगू नका मामा," म्हणतो. हे मी तुला सांगितलं, त्याला कळू देऊ नकोस. दुसरी बायको आणलीस तर तो आणू देईल, तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. पण त्याच पातेल्यात तिचंही दूध नासेल, आक्का. मग तिला कुणाच्या दारात सोडायचं?

मालूलाही सांगितलेलं नाही. चांगल्या पातेल्यात दूध राहतं एवढं तिनं पाहिलं. का राहतं, हे अजून तिला माहीत नाही. ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. तू तिला पातेलं घासायला दिलंस आणि काठात काडी कशी फिरवायची ते दाखवलंस, तरी पुरे. ती हुशार आहे, आणि तुझ्याविषयी एक वाकडा शब्द माझ्या या कानांनी ऐकलेला नाही.

गावात काय सांगायचं, त्याची काळजी करू नकोस. भाऊ कॅम्पातला नवा जिन्नस करतो, तो बघायला चालले, असं म्हण. भरमाच्या मोटारीत पुढची जागा धरून ठेवली आहे. परत जाताना सून बरोबर दिसली तर लोक म्हणतील, आक्का गेलती आणि घेऊन आली. चिंचेचं नाव कुठं निघणार नाही. इथं कॅम्पाजवळ डोळ्याचा डॉक्टर बसतो, त्याच्याकडंही जाता जाता जाऊन येऊ. तेही चीज बघायला गेलो होतो म्हणून सांगू.

पाडव्याच्या आधी ये. सुपारी फुटली की माझ्या हातात काही राहणार नाही.

चूल पेटवून ठेवतो. पातेलं मालू घासेल, दूध मालूच चढवेल, आणि ते काठापर्यंत येईल तेव्हा तू शेजारी उभी राहा. लिंबू मी तुझ्या हातात देईन. पिळायचं असलं तर पीळ, नाहीतर आपण सगळे दूधच पिऊ.

वाट बघणारा, एकेकाळी तुझ्या पातेल्याचा काठ चाटणारा,

मारुती